सममूल्य अपूर्णांक : आधी घडी, मग आकडा, शेवटी नियम

"१/२ आणि ४/८ सममूल्य आहेत का?" असं विचारलं की बहुतेक मुलं हो म्हणतात. कशावरून, असं विचारलं की लगेच उत्तर येतं, "वर-खाली चारने गुणलं." आता आणखी एक प्रश्न विचारून बघा : "मग ४/८ हे १/२ च्या चौपट झालं का?" इथे मूल अडखळतं. काही जण हो म्हणतात, काही जण नाही म्हणतात पण कारण सांगता येत नाही.

गणितात बऱ्यापैकी हुशार समजली जाणारी मुलंही याच जागी अडतात, हे मी शिकवताना पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. त्यांना नियम पाठ असतो, पण तो कशाचा नियम आहे ते माहीत नसतं. बिघडलेला असतो तो क्रम. गुणायचं कसं ते आधी सांगितलं जातं आणि कापायचं काय ते राहूनच जातं. खालचे टप्पे त्याच क्रमाने घ्या. एका दिवसात सगळे उरकू नका; दुसरा आणि पाचवा टप्पा प्रत्येकी एक स्वतंत्र बैठक मागतात.

## तयारी

लागणारं सामान घरातच मिळतं : ए४ आकाराचे चार-पाच कोरे कागद, सेंटिमीटरची पट्टी, पेन्सिल, कात्री, एक रंगीत खडू, काट्यांचं घड्याळ, तीन सारखे पारदर्शक पेले, एक चमचा आणि थोडा पातळ रंग किंवा शाई.

पहिलं काम पट्ट्या कापण्याचं. ए४ कागद २९.७ सेंमी लांब आणि २१ सेंमी रुंद असतो. लांबीतून ५.७ सेंमी कापून टाका. २४ बाय २१ चा कागद उरेल. त्याच्या ३ सेंमी रुंदीच्या लांब पट्ट्या कापल्या की बरोबर सात पट्ट्या निघतात, प्रत्येक २४ सेंमी लांब.

एक पट्टी कोरी ठेवा. बाकी सहा पट्ट्यांवर अशा रेघा मारा :

- २ भागांची पट्टी : दर १२ सेंमीवर
- ३ भागांची : दर ८ सेंमीवर
- ४ भागांची : दर ६ सेंमीवर
- ६ भागांची : दर ४ सेंमीवर
- ८ भागांची : दर ३ सेंमीवर
- १२ भागांची : दर २ सेंमीवर

२४ हा आकडा मुद्दाम घेतला आहे. या सगळ्या संख्यांनी त्याला पूर्ण भाग जातो, म्हणून एकही रेघ अर्ध्या मिलिमीटरवर येत नाही. घाईत कुणी २५ सेंमीची पट्टी घेतली तर तीन भाग करताना ८.३३ वर रेघ मारायची वेळ येते आणि पुढचं सगळं काम अंदाजावर चालतं.

दुसऱ्या कागदातून २० सेंमी लांबीच्या दोन पट्ट्या कापा. एकीचे २ भाग करा (दर १० सेंमीवर) आणि दुसरीचे ५ (दर ४ सेंमीवर).

सावधान : मोजपट्टीची कड आणि तिच्यावरचा शून्य एकाच जागी असतात असं नाही. बऱ्याच मोजपट्ट्यांवर शून्य कडेपासून थोडा आत असतो. कडेपासून मोजलं तर पहिला भाग बाकीच्यांपेक्षा वेगळा येतो. मोजणी शून्यापासूनच करा.

मुलाला दहापर्यंतचे पाढे यायला हवेत. ते डळमळीत असतील तर पहिले चार टप्पे करा, पाढे पक्के करून घ्या आणि मग पुढे जा.

## टप्पा १ : "कशाचा?" हा प्रश्न

२४ सेंमीची दोन भागांची पट्टी आणि २० सेंमीची दोन भागांची पट्टी शेजारी ठेवा. दोन्हींचा एकेक भाग रंगवा. दोन्ही १/२ आहेत. लांबी मात्र एकीची १२ सेंमी, दुसरीची १०.

मुलाला विचारा, हे दोन अर्धे सारखे आहेत का? त्याला यावर वाद घालू द्या. शेवटी त्याच्या तोंडून यायला हवं की दोन्ही आपापल्या पट्टीचे अर्धे आहेत, पण पट्ट्याच वेगळ्या आहेत. जाड पुस्तकाचा अर्धा भाग आणि पातळ पुस्तकाचा अर्धा भाग, भरलेल्या बादलीचा पाव आणि तांब्याचा पाव, असे दोन-तीन नमुने तोंडी घ्या.

इथून पुढे अपूर्णांक ऐकला की "कशाचा?" हा प्रश्न आपोआप यायला हवा. दोन अपूर्णांक सममूल्य आहेत असं म्हणताना "एकाच पूर्णाचे" हे दोन शब्द गृहीत असतात आणि गृहीत असल्यामुळेच ते विसरले जातात. पुढच्या टप्प्यांत फक्त २४ च्या पट्ट्या वापरा. २० च्या बाजूला ठेवून द्या.

तपासणी : कागदावर एक आयत काढा, त्यात मुद्दाम लहान-मोठे तीन भाग पाडा आणि एक रंगवा. हा १/३ आहे का? मूल हो म्हणालं तर पुढे जाऊ नका. भाग समान नसतील तर छेद लिहिताच येत नाही, हे आधी पक्कं व्हायला हवं.

## टप्पा २ : रंग एकदाच, घड्या कितीही

हा या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आहे. सावकाश करा.

१. एक कोरा कागद आडवा धरा. उभी घडी घालून दोन भाग करा, तशीच आणखी एक उभी घडी घालून चार. उलगडा. चार उभे समान भाग दिसतील.

२. डावीकडचे तीन भाग खडूने रंगवा. आता खडू मुलाच्या हातातून काढून घ्या. हे मी अगदी शब्दशः सांगते आहे. खडू हातात राहिला की पुढच्या घडीनंतर मूल "आता आठ भाग झाले, आणखी रंगवू का?" म्हणतं आणि सगळा धडा तिथेच मोडतो.

३. लिहा : ३/४.

४. कागदाला मधोमध एक आडवी घडी घाला. उलगडण्याआधी विचारा, आता किती भाग होतील? रंगवलेले किती? उत्तर बरोबर की चूक ते सांगू नका, उलगडून मोजायला लावा. आठ भाग, त्यातले सहा रंगवलेले. लिहा : ६/८.

५. त्याच घडीवर कागद पुन्हा बंद करा आणि त्याच दिशेने आणखी एक आडवी घडी घाला. उलगडल्यावर सोळा भाग, बारा रंगवलेले. लिहा : १२/१६.

६. दुसऱ्या कागदावर पुन्हा चारपैकी तीन उभे भाग रंगवा. या वेळी पत्र पाकिटात घालताना करतो तशा दोन आडव्या घड्या घालून तीन आडवे पट्टे करा. बारा भाग, नऊ रंगवलेले. लिहा : ९/१२.

आता मुलाला पहिला कागद हातात धरायला द्या. रंगाच्या कडेवरून बोट फिरवायला सांगा. रंग जिथे संपत होता तिथेच संपतो आहे ना? घड्या घालताना रंग वाढला का? कमी झाला का? याचं उत्तर त्याने स्वतःच्या शब्दांत द्यायला हवं. शेवटी हे वाक्य मोठ्याने म्हणवून घ्या : भाग वाढले, भाग लहान झाले, रंग तेवढाच राहिला. सममूल्य या शब्दाचा सगळा अर्थ या वाक्यात आहे. मधला तुकडा गाळू देऊ नका. "भाग वाढले" एवढंच लक्षात राहिलं की ६/८ हे ३/४ पेक्षा मोठं वाटायला लागतं. "भाग लहान झाले" एवढंच राहिलं की छोटं वाटायला लागतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी होतात, म्हणून किंमत जागची हलत नाही.

नेहमीची चूक : एका घडीने दोन भाग, दोन घड्यांनी चार, मग तीन घड्यांनी सहा, असं मुलं धरून चालतात. घडी घातलेला कागद पुन्हा मधोमध दुमडला की प्रत्येक भागाचे दोन होतात, म्हणून तिसऱ्या घडीनंतर आठ. इथे वाद न घालता घडी घालून दाखवा.

लिहिण्यातली चूक : आपण मराठीत "चारपैकी तीन" म्हणतो. चार आधी, तीन नंतर. कागदावर मात्र तीन वर लिहायचा असतो, चार खाली. मूल जसं ऐकतं तसं लिहितं आणि ४/३ होतं. हे अज्ञान समजून रागावू नका, भाषेच्या आणि लेखनाच्या क्रमातला फरक त्याला सांगा. मी एक सवय लावते : आधी आडवी रेघ मारायची, मग तिच्याखाली एकूण भाग लिहायचे, मग वर घेतलेले भाग. बोलण्याच्या क्रमानेच लिहिलं जातं आणि आकडे आपल्या जागी बसतात.

## टप्पा ३ : पट्ट्यांची भिंत

आता २४ सेंमीच्या सातही पट्ट्या एकाखाली एक, डावी कड जुळवून टेबलावर मांडा. वरती कोरी, मग २, ३, ४, ६, ८, १२. मोजपट्टी उभी धरून डावीकडून उजवीकडे सरकवत न्या आणि जिथे एकापेक्षा जास्त पट्ट्यांच्या रेघा एका ओळीत येतात तिथे थांबा.

मधोमध थांबलात की १/२, २/४, ३/६, ४/८ आणि ६/१२ एका ओळीत येतात. तीन भागांच्या पट्टीवर तिथे रेघ नाही. मोजपट्टी दुसऱ्या भागाच्या पोटातून जाते. का नाही, हे मुलाला शोधू द्या. तिनाचे दोन सारखे वाटे होत नाहीत, इतकं साधं कारण आहे, पण ते स्वतः सापडलं तर पुढे फार उपयोगी पडतं.

अशाच इतर जागा :

- ६ सेंमीवर : १/४, २/८, ३/१२
- ८ सेंमीवर : १/३, २/६, ४/१२
- १६ सेंमीवर : २/३, ४/६, ८/१२
- १८ सेंमीवर : ३/४, ६/८, ९/१२
- २० सेंमीवर : ५/६, १०/१२

यादी तुमच्यासाठी आहे. मुलाला ती देऊ नका, त्याच्याकडून तयार करून घ्या.

सावधान : ५/८ ची रेघ १५ सेंमीवर आहे आणि २/३ ची १६ वर. पट्ट्या थोड्या वाकड्या मांडल्या गेल्या तर ही दोन सारखी वाटू शकतात. मुलाने तसं म्हटलं तर चांगलंच आहे. त्याला विचारा, डोळ्याला सारखं दिसलं म्हणजे सारखं असतं का? नियमाची गरज नेमकी इथे निर्माण होते, आणि गरज वाटल्यावर आलेला नियम डोक्यात राहतो.

## टप्पा ४ : घड्याळ

इथे फार वेळ लागत नाही, कारण मुलाला उत्तरं आधीच माहीत असतात. घड्याळाच्या तबकडीवर एकाच वर्तुळाचे ६० भाग मिनिटांचे असतात आणि १२ भाग आकड्यांचे. म्हणजे १५ मिनिटं हे १५/६० ही आहे, ३/१२ ही आहे आणि पाव तास, म्हणजे १/४ ही आहे. तिन्ही वेळा काटा ३ वरच असतो.

मग मुलालाच सांगू द्या : २० मिनिटं म्हणजे तासाचा कितवा भाग? ४०? ४५? आपल्या भाषेत पाव, अर्धा, पाऊण हे शब्द आयते आहेत. पाऊण तास म्हणजे ४५/६०, ९/१२ आणि ३/४. अंशाधिक अपूर्णांकही इथे सहज येतात : सव्वा तास म्हणजे ७५/६०, म्हणजेच ५/४, दीड तास म्हणजे ९०/६०, म्हणजे ३/२. हे शब्द मुलं रोज ऐकतात आणि गणिताच्या वहीत विसरतात. त्यांना वहीत घेऊन या.

तपासणी : २४ मिनिटं म्हणजे तासाचा कितवा भाग? इथे १२ आकड्यांचा आधार मिळत नाही, कारण २४ व्या मिनिटाला मोठा आकडा नाही. ६० चे १२-१२ मिनिटांचे पाच गट करायला सुचलं आणि २/५ उत्तर आलं तर मूल पुढच्या टप्प्याला तयार आहे. सुचलं नाही तर २० सेंमीची पाच भागांची पट्टी दाखवा आणि तिच्यावर एक तास पसरवायला सांगा. पूर्ण पट्टी म्हणजे ६० मिनिटं, तर एक भाग किती मिनिटांचा?

## टप्पा ५ : आता नियम

अंश आणि छेद यांना शून्य सोडून एकाच संख्येने गुणलं की सममूल्य अपूर्णांक मिळतो. हे वाक्य मुलाने आधी पाठ केलेलंच असतं. आपल्याला फक्त ते घडीला जोडायचं आहे.

पहिला कागद पुन्हा काढा. ३/४ चे ६/८ झाले तेव्हा आडव्या घडीने प्रत्येक भागाचे दोन तुकडे केले. रंगवलेल्या तीन भागांचेही दोन-दोन आणि न रंगवलेल्या एका भागाचेही दोन. घडीने रंग बघून भेदभाव केला नाही. म्हणून वरचा आकडा दुप्पट होतो आणि खालचाही. आपण अपूर्णांकाला दोनाने गुणलेलं नाही; प्रत्येक भाग दोनात कापला आहे.

लेखाच्या सुरुवातीचा प्रश्न इथे पुन्हा विचारा. मी शिकवत असलेल्या एका अकरा वर्षांच्या मुलीने मला विचारलं होतं, "वर दोनाने गुणलं म्हणजे दुप्पट, खाली दोनाने गुणलं म्हणजे पण दुप्पट, मग सगळं मिळून चौपट का नाही?" प्रश्न अगदी रास्त होता. मी तिला उत्तर दिलं नाही. बारा भागांची पट्टी दिली आणि अर्धा भाग दाखवायला सांगितलं. तिने सहा घरं मोजली, १/२ च्या पट्टीखाली धरली, थोडा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "खालचा आकडा वाढला की घर बारीक होतं." तिला पुढे काही सांगावं लागलं नाही.

आता हाच मुद्दा चिन्हांत मांडा. कोऱ्या पट्टीचं शेवटचं टोक बघा. तिथे २/२, ३/३, ४/४, १२/१२ सगळेच येऊन मिळतात, कारण ते सगळे १ आहेत. १/२ ला ४/४ ने गुणणं म्हणजे १ ने गुणणं. किंमत बदलत नाही, रूप बदलतं. याउलट १/२ ला नुसत्या ४ ने गुणलं तर ४/२, म्हणजे २ पूर्ण. दोन्ही उदाहरणं एकाखाली एक लिहा. फरक डोळ्यांसमोर राहायला हवा.

चूक १ : फक्त छेद गुणणे. १/२ चं १/४ केलं जातं. पट्टीवर १/४ ची रेघ ६ सेंमीवर आहे, १/२ ची १२ वर. खाली कापलं आणि वर मोजायचं राहून गेलं.

चूक २ : गुणण्याऐवजी मिळवणे. ही सगळ्यात चिवट चूक आहे. "वर-खाली सारखंच करायचं" एवढंच लक्षात राहतं आणि १/२ मध्ये वर-खाली १ मिळवून २/३, आणखी १ मिळवून ३/४ केलं जातं. तिन्ही जागा पट्ट्यांवर दाखवा : १२ सेंमी, १६ सेंमी, १८ सेंमी. रेघ उजवीकडे सरकत चालली आहे. मग विचारा, अशी कोणती घडी आहे जी एकूण भागांत फक्त एक वाढवते आणि तरी सगळे भाग समान ठेवते? अशी घडी नसते.

चूक ३ : शून्य. शून्याने गुणलं की ०/० होतं आणि त्याला काही अर्थ उरत नाही. एकही भाग न करता कापणं शक्य नाही, एवढं सांगून पुढे जा.

सरावाला रिकाम्या जागा द्या, पण प्रश्न शब्दांत विचारा. ३/५ = ?/२० असं असेल तर म्हणा : "पाच भागांचे वीस झाले. प्रत्येक भागाचे किती तुकडे झाले? मग तीन भागांचे किती?" चार, आणि मग बारा. आठवडाभर असंच विचारा. नंतर मूल स्वतःच शब्द गाळून थेट करायला लागेल.

## टप्पा ६ : उलट दिशा

इथे घडी मिटवायची आहे. ९/१२ असलेला कागद उलगडा आणि आडव्या घड्यांच्या रेषांकडे दुर्लक्ष करून फक्त उभ्या बघा : ३/४. बारीक तुकडे पुन्हा जोडून मोठे भाग केले. आकड्यांत हेच करायचं तर अंश आणि छेद यांना एकाच संख्येने भागायचं.

समजा एका चाचणीत २४ पैकी १८ गुण मिळाले आणि दुसरीत २० पैकी १५. कोणती चाचणी चांगली गेली? १८/२४ ला ६ ने भागलं की ३/४. १५/२० ला ५ ने भागलं की ३/४. दोन्ही सारख्याच गेल्या. दोन वेगळ्या दिसणाऱ्या अपूर्णांकांना एकाच संक्षिप्त रूपात आणलं की पुढे वाद राहत नाही.

६ हा १८ आणि २४ यांचा मसावि आहे, म्हणजे दोघांनाही पूर्ण भाग जाणारी सगळ्यात मोठी संख्या. मसावि लगेच सुचला तर उत्तम. न सुचला तर आधी २ ने भागा, ९/१२ येईल, मग ३ ने. टप्प्याटप्प्याने गेलं तरी मुक्काम तोच.

या टप्प्यावरच्या चुका जरा सविस्तर बघायला हव्यात, कारण त्या वरून बरोबर वाटतात.

पहिली चूक म्हणजे मध्येच थांबणं. १२/३० ला २ ने भागून ६/१५ केलं आणि आता २ ने भाग जात नाही म्हणून मूल थांबतं. ३ ने जातो की! २/५. थांबण्याआधी अंशाला ज्या ज्या संख्यांनी भाग जातो, त्यातली एखादी छेदालाही भागते का ते बघायचं.

दुसरी चूक ४/६ आणि ६/९ अशा जोड्यांत होते. मूल बघतं की चाराला कोणत्याही पूर्ण संख्येने गुणून सहा येत नाहीत, आणि सांगून टाकतं की सममूल्य नाहीत. नियम त्याने बरोबर लावला, पण एकाच दिशेने. दोन्ही अपूर्णांक २/३ पासून आले आहेत : एक दोनाच्या कापणीतून, दुसरा तिनाच्या. एकमेकांकडे सरळ वाट नसली तरी दोघांचं घर एकच. शंका आली की दोघांनाही संक्षिप्त रूपात न्यायचं, हा इथला उपाय. परीक्षेत अशीच जोडी विचारतात, म्हणून अशी निदान दहा उदाहरणं करून घ्या : ६/८ आणि ९/१२, ८/१२ आणि १०/१५, ६/१० आणि ९/१५.

तिसरी चूक आकडे खोडण्याची. १६/६४ मधले दोन्ही ६ खोडले की १/४ उरतात आणि उत्तर बरोबरही आहे! १९/९५ मधले ९ खोडले की १/५, तेही बरोबर. पण हा निव्वळ योगायोग आहे. १२/२४ मधले २ खोडून बघा : १/४ येतं, आणि खरं उत्तर १/२ आहे. खोडाखोड कधी चालते? दोन्ही संख्या गुणाकाराच्या रूपात लिहून सामाईक अवयव काढला तर. १६/६४ हे (१×१६)/(४×१६) असं लिहा आणि १६ काढा. संख्येतला अंक खोडणं म्हणजे तिला त्या अंकाने भागणं नव्हे, एवढं वाक्य मुलाच्या वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवायला लावा.

## टप्पा ७ : पडताळा

तिरकस गुणाकार इथे सांगायचा, आधी नाही. आधी सांगितला की मूल बाकी सगळं सोडून देतं.

६/८ आणि ९/१२ घ्या. पहिल्याचा अंश आणि दुसऱ्याचा छेद : ६ × १२ = ७२. दुसऱ्याचा अंश आणि पहिल्याचा छेद : ९ × ८ = ७२. गुणाकार सारखे, म्हणून अपूर्णांक सममूल्य. पण का? पहिल्याला १२/१२ ने आणि दुसऱ्याला ८/८ ने गुणलं की दोघांचा छेद ९६ होतो : ७२/९६ आणि ७२/९६. तिरकस गुणाकारात आपण हे अंशच काढतो, छेद सारखा असतो म्हणून लिहीत नाही.

आता तिसऱ्या टप्प्यातली ती फसवी जोडी घ्या, ५/८ आणि २/३. ५ × ३ = १५, २ × ८ = १६. सारखे नाहीत. पट्टीवर त्या रेघा १५ आणि १६ सेंमीवरच होत्या! पट्टी २४ सेंमीची आहे, म्हणजे एक सेंमी हा तिचा १/२४. आणि ८ × ३ = २४. ५/८ म्हणजे १५/२४, २/३ म्हणजे १६/२४. आठाचा आणि तिनाचा गुणाकार नेमका पट्टीच्या लांबीएवढा आल्यामुळे हा मेळ बसला. तो मुलाला स्वतः पकडू द्या, सांगून टाकू नका.

चूक : तिरकस न गुणता सरळ गुणणे, म्हणजे अंशाला अंशाने आणि छेदाला छेदाने. तो अपूर्णांकांचा गुणाकार झाला, पडताळा नाही.

## टप्पा ८ : पेले, मापं आणि बेरीज

पेल्यांचं काम शेवटी ठेवलं आहे, कारण त्यात एक फसवी जागा आहे.

पहिल्या पेल्यात १ चमचा रंग आणि ३ चमचे पाणी घाला. दुसऱ्यात २ चमचे रंग आणि ६ चमचे पाणी. नीट ढवळून पांढऱ्या कागदासमोर धरा. समोरून बघितलं तर छटा सारखी दिसते. आता विचारा, पहिल्या मिश्रणात रंगाचा भाग किती? जवळजवळ प्रत्येक मूल १/३ म्हणतं. पूर्ण काय, हे विसरलं. पूर्ण म्हणजे सगळं मिश्रण, ४ चमचे. म्हणून १/४, आणि दुसऱ्या पेल्यात २/८. पहिल्या टप्प्यातला "कशाचा?" इथे परत येतो. एकास तीन हे गुणोत्तर झालं, रंगाचा मिश्रणातला भाग वेगळा.

तिसऱ्या पेल्यात "वर-खाली एक-एक मिळवून" बघा : २ चमचे रंग, ४ चमचे पाणी. हा पेला बाकीच्या दोन्हींपेक्षा गडद दिसेल, कारण रंगाचा भाग २/६, म्हणजे १/३ झाला. मिळवण्याची चूक पट्टीवर समजली नसेल तर इथे डोळ्यांना दिसते.

सावधान : चमचे सपाट भरा आणि पेले एकाच आकाराचे घ्या. बघायचं समोरून. वरून बघितलं तर दुसऱ्या पेल्यातलं पाणी खोल असल्यामुळे तो गडद वाटतो आणि सगळा प्रयोग फसतो.

मोजायच्या कपांचे प्रश्न तोंडी विचारा. फक्त पाव कप असेल तर पाऊण कप कसा मोजाल? तीनदा. १/६ चा कप असेल तर २/३ कसा मोजाल? चारदा, कारण २/३ म्हणजे ४/६. फक्त पाव कप भरून २/३ मोजता येईल का? येणार नाही, तिनाची आणि चाराची वाटणी जुळते ती बाराव्यात, आणि २/३ म्हणजे ८/१२, पाव कप म्हणजे ३/१२. आठाला तिनाने भाग जात नाही.

बेरजेपर्यंत आलात तर एवढंच करा : १/३ आणि १/४ चे तुकडे कोऱ्या पट्टीवर एकापुढे एक ठेवा. ८ सेंमी आणि ६ सेंमी, मिळून १४. बारा भागांच्या पट्टीवर ती जागा ७/१२ ची आहे. वर-खाली बेरीज करून २/७ लिहिणाऱ्या मुलाला विचारा, २/७ हा १/३ पेक्षाही लहान आहे, मग काही मिळवल्यावर उत्तर कमी कसं झालं?

## शेवटचा प्रश्न

सगळे टप्पे झाल्यावर, काही दिवस मध्ये जाऊ देऊन, कोणतीही प्रस्तावना न करता मुलासमोर हे लिहा :

३/४ = ?/१८

नियमावर चालणारं मूल चाराला कशाने तरी गुणून अठरा करायला बघेल, अडकेल, आणि "प्रश्न चुकलाय" म्हणेल किंवा जवळचा एखादा आकडा, बहुधा १३ किंवा १४, लिहून मोकळं होईल. त्याच्याबरोबर पुन्हा दुसऱ्या टप्प्यावर जा. समजलेलं मूल पट्टी मागेल, निदान मनातल्या मनात अठरा घरं आखेल, आणि सांगेल की पूर्ण संख्या येत नाही, पाऊण भागाची रेघ तेराव्या घरानंतर, चौदाव्या घराच्या बरोबर मधोमध पडते.